७० सीसीची चेनसॉ घेतलीत, आता कानस घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: दापोलीच्या किनारपट्टीला वाडी आहे, गेल्या पावसाळ्यात आडवे झालेले दोन मोठे आंबे आणि शेंडा गेलेले काही माड कापायचेत, म्हणून तुम्ही ७० सीसीची, २० इंची बारची (ज्या पोलादी पट्टीभोवती चेन फिरते तो बार) पेट्रोल चेनसॉ घेतली. चालवणार तुम्ही आणि वाडीतला गडी. थोड्याच दिवसांत ती कापताना एका बाजूला ओढायला लागली, भुसा पिठासारखा पडतो आणि तापली की बंद पडते. एवढं ताकदवान मशीन सुरक्षितपणे कसं चालवायचं आणि त्याची निगा कशी राखायची, असं तुम्ही विचारलंय.

सुरक्षा आणि निगा यांचं उत्तर मी एकत्रच देतो, कारण या यंत्रात त्यांना वेगळं करता येत नाही. चेन बोथट झाली की माणूस मशीन दाबतो. दाबलं की पाय पुढे सरकतात, खांदे लाकडावर झुकतात, आणि लाकूड अचानक संपलं की मशीन स्वतःच्या नि तुमच्या वजनासकट खाली येतं, ते थेट डाव्या मांडीकडे किंवा गुडघ्याकडे. धार असलेली चेन लाकडात आपल्या वजनानं उतरते, दाबावी लागत नाही. तुमचं मशीन पीठ पाडतंय म्हणजे तुम्ही ते दाबताय, हे न बघता सांगतो. धार लागेपर्यंत ते बाजूला ठेवा.

आधी ताकदीचं. ७० सीसीचं इंजिन साधारण पाच अश्वशक्तीचं असतं आणि बार-चेन सोडून त्याचं वजन सहा-साडेसहा किलो भरतं. लाकडात असताना चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिली तर त्याहूनही बरीच जास्त. ही ताकद जाड बुंध्यासाठी ठीक आहे. फांद्या छाटायला ती नकोच. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी ३५-४० सीसीचं हलकं मशीन किंवा साधी कोयती बरी. जड मशीन घेऊन दिवसभर फांद्या छाटणाऱ्याचे हात दुपारनंतर थकतात, आणि थकल्या हातात बारचं टोक कुठे लागतंय इकडे लक्ष राहत नाही.

बारचं टोक, त्यातही टोकाचा वरचा चतकोर, ही या मशीनची सगळ्यात वाईट जागा. तिथे फिरती चेन कशाला टेकली, मागच्या फांदीला, शेजारच्या ओंडक्याला, कुंपणाच्या तारेला, की दात पुढे कापू शकत नाही आणि सगळा जोर उलटा मशीनवर येतो. बार वर आणि मागे, तुमच्या चेहऱ्याच्या व मानेच्या दिशेनं उसळतो. यालाच किकबॅक म्हणतात. हे सेकंदाच्या दहाव्या भागात होऊन जातं, तोवर माणसाला कळतसुद्धा नाही. त्यामुळे ‘मी पकडीन घट्ट’ या भरवशाला अर्थ नाही. उपयोगी पडतं ते तुम्ही आधी केलेलं: डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून वळवून धरलेला, डावा कोपर ताठ, शरीर बारच्या रेषेच्या डावीकडे, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नाही. अंगठा वरून इतर बोटांबरोबर ठेवायची सवय फार जणांना असते. उसळी आली की तो हात सुटतो.

पुढच्या हँडलसमोरचा आडवा पत्रा म्हणजे चेन ब्रेकची दांडी. मनगट आदळून किंवा झटक्याच्या जडत्वानं ती पुढे जाते आणि आतला पट्टा क्लचच्या ड्रमला आवळतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो तपासायचा: मशीन चालू करा, दोन्ही हातांनी धरा, अर्धी रेस द्या आणि डाव्या मनगटानं दांडी पुढे ढकला. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. फरफटत थांबली तर ब्रेकच्या पट्ट्यात भुसा आणि तेलाचा चिखल बसलाय किंवा पट्टा झिजलाय. दोन झाडांमध्ये चालताना, घाम पुसताना, गड्याशी बोलताना ब्रेक लावलेला हवा. हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, फक्त पहिले काही दिवस स्वतःला टोकावं लागतं.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या पायाचा चवडा मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर ताठ, आणि उजव्या हातानं दोरी. ७० सीसीला बहुतेक वेळा दाब कमी करणारं छोटं बटण असतं, ते दाबलं की दोरी हाताला झटका देत नाही. एका हातात मशीन लटकवून दुसऱ्या हातानं दोरी खाली ओढायची पद्धत सर्रास दिसते. दिसायला रुबाबदार आहे, पण त्यात मशीन गर्रकन फिरून मांडीला लागतं. आणि इंजिन नुसतं घुरघुरत असताना चेन जागेवर स्थिर हवी. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेलीय. ती बदलल्याशिवाय काम नाही.

कपड्यांबद्दल फार बोलत नाही, कारण सगळे मान डोलावतात आणि लुंगी नाहीतर बर्म्युड्यावर कापायला उभे राहतात. तरी एक समजून घ्या. चेनसॉच्या विजारीत आत लांब सुट्या धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन थांबवतात. कापड चिलखतासारखं अडवत नाही, मशीन जाम करतं. या विजारींना वर्ग असतात. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर चाचणी झालेली. वर सांगितलेला वेग आठवा, म्हणजे कळेल की ७० सीसीसमोर ती जखम हलकी करते, अशक्य करत नाही. कोकणातल्या उकाड्यात पूर्ण विजार सोसत नसेल तर मागून उघडे, पायाभोवती पट्ट्यांनी बांधायचे लेग-गार्ड घ्या. हेल्मेट, जाळीचा पडदा, कानाचे मफ आणि पोलादी टोकाचे बूट यांत तडजोड नको. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कान हळूहळू जातात, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

आता चेन. खरी मेहनत इथे आहे.

चेनचा आजचा दात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं बसवून दिला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९४६ साली सरपण फोडताना त्यानं लाकूड पोखरणारी एक अळी बघितली. ती समोर घुसत नव्हती, जबडा डावीकडे-उजवीकडे हलवत सोलत पुढे जात होती. तशी चेन त्यानं केली: एक दात डावीकडचं सोलतो, पुढचा उजवीकडचं. माडाच्या शेंड्यातल्या भुंग्याला आपण शिव्या देतो, पण दाताची रचना समजायला ही गोष्ट कामाची आहे. प्रत्येक दाताच्या पुढे एक बोथट उंचवटा असतो, तो दात किती खोल जाईल हे ठरवतो. म्हणजे सांभाळायच्या गोष्टी तीन: डाव्या-उजव्या दातांची लांबी सारखी, कोन सारखा, आणि उंचवट्याची उंची बरोबर.

तुमचं मशीन एका बाजूला ओढतं, याचं कारण बहुधा असं. माणूस उजव्या हाताचा असतो, त्यामुळे एका बाजूचे दात जोरात घासले जातात आणि दुसऱ्या बाजूचे अर्धवट. किंवा एका बाजूचे दात दगडाला लागून जास्त बोथट झालेत. लांब धारदार दात ज्या बाजूला, तिकडे काप वळतो. उपाय कंटाळवाणा आहे. सगळ्यात आखूड दात शोधा, त्याची लांबी मोजा आणि बाकीचे सगळे त्या मापाला आणा. २० इंची बारवर साधारण ३६ दात असतात. एक तास जाईल. त्यानंतरही ओढत असेल तर बार काढून सपाट काचेवर उभा ठेवून बघा. त्याच्या दोन कडांपैकी एक खाली गेलेली असते. सपाट कानशीनं दोन्ही कडा समान करून घ्या, आणि इथून पुढे दर वेळी चेन उतरवली की बार उलटा बसवा, म्हणजे झीज दोन्ही अंगांना वाटली जाते.

कानस गोल हवी आणि मापाची हवी. तुमच्या मशीनवर बहुधा तीन-अष्टमांश इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेन असेल. तिला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. दातावर ३० अंशांची खूण असते. सुक्या, कठीण लाकडासाठी २५ अंश ठेवले तर धार जास्त टिकते. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. ती पुढे ढकलताना घासायची, मागे घेताना उचलायची, आतून बाहेर. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. टाकी भरायला थांबलात की दर दाताला दोन-तीन हात मारा. पूर्ण बोथट झाल्यावर घासायला बसाल तर दुप्पट दात जातो. चार-पाच वेळा धार लावून झाली की उंचवट्यावर मापपट्टी ठेवून तो तपासा. दाताच्या माथ्यापासून तो ०.६५ मिलिमीटर खाली हवा. जास्त उतरवलात तर चेन लाकूड ओरबाडते, इंजिन धापा टाकतं आणि किकबॅकची ओढ वाढते. ‘उंचवटा घासून टाका, मशीन पळेल’ असा सल्ला देणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि पाठवून द्या.

गावातल्या वर्कशॉपमध्ये हँड ग्राइंडरवर चेनला धार लावून देतात. दाताच्या टोकावर निळसर छटा आली असेल तर पोलादाचं पाणी उतरलंय. तो दात पुढे धार धरत नाही आणि कानशीलाही दाद देत नाही. गोल कानस आणि तिचा मार्गदर्शक पट्टा ही जोडी मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही.

किनारपट्टीच्या वाड्यांची एक खास अडचण आहे: पुळण. आडवं पडलेलं झाड पावसाळाभर जमिनीवर राहिलं की सालीच्या भेगांत वाळू भरते. अशा सालीत एक काप घेतला तरी नव्या चेनची धार जाते. कापायच्या जागी कोयत्यानं हातभर रुंद साल सोलून काढा, किंवा तारेच्या ब्रशनं झाडून घ्या. ओंडक्याखाली लाकडाचे ठोकळे सरकवा. ते जमत नसेल तर वरून तीन-चतुर्थांश कापा, ओंडका पहारीनं लोळवा आणि उरलेलं वरूनच संपवा. जांभ्याला एकदा टेकलेली चेन म्हणजे अर्धा तास कानशीवर. शिवाय अशा कामाला गोलसर कोपऱ्याच्या दाताची चेन घ्या. चौकोनी टोकदार दाताची चेन स्वच्छ ओल्या लाकडात वेगानं चालते, पण वाळूत लगेच मरते. माड मुळात चेनला जड जातो. त्याच्या लाकडात सिलिका असते आणि बाहेरचा कडा फार टणक. माड कापायला बसलात तर धार लावण्यासाठी दुप्पट थांबे धरा.

चेनचा ताण बार टोकाला उचलून धरून लावायचा: चेन खालच्या कडेला चिकटून, पण ब्रेक सोडल्यावर हातमोजा घालून बोटानं ओढता येईल अशी. नवी चेन पहिल्या टाकीत दोन-तीनदा सैल पडते. आणि गरम चेन ताणलीत तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. थंड होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्टवर नाहक भार येतो. सैल चेन बारवरून उतरते आणि हाताकडे फटकारते. म्हणूनच मशीनच्या पोटाखाली चेन अडवणारा खुंट असतो. तो तुटला असेल तर बदला.

बारच्या तेलाबद्दल सगळीकडे एकच सवय दिसते: गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल. फुकट मिळतं हे खरं. पण त्यात धातूची पूड असते, ती पंपात आणि बारच्या खाचेत बसते. त्यात चिकटपणा नसल्यानं ते टोकाला पोचायच्या आत उडून जातं, आणि ते उडतं तुमच्या कपड्यांवर, श्वासात नि वाडीच्या मातीत. वापरलेल्या इंजिन तेलात कर्करोगकारक घटक असतात. चेनचं तेल घ्या. अडलंच तर नवं, कोरं इंजिन ऑइल चालेल, तेही तात्पुरतं. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक ताज्या कापाच्या पांढऱ्या लाकडावर वीतभर अंतरावर धरा आणि रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून मुळाशी असलेलं तेलाचं भोक तारेनं मोकळं करा आणि खाच खरवडा. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाच्या टाकीत थोडं उरलेलं असायला हवं. खूप उरलं तर तेल जात नाहीये.

आता तापल्यावर बंद पडण्याचं. पेट्रोलपासून सुरू करू. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचं प्रमाण ५० ला १, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. हर्णैसारख्या बंदराजवळ राहणाऱ्यांना मुद्दाम सांगतो: होडीच्या बाहेर लावायच्या मशीनचं तेल याला घालू नका. ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. चेनसॉ हवेवर थंड होते, तिचं सिलिंडर कितीतरी जास्त तापतं. डब्यावर जासो एफडी (JASO FD, टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) असं लिहिलेलं तेल घ्या. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा, ढवळा, आणि कॅनवर तारीख लिहा.

तारीख का, तर इथेनॉल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. कार्बोरेटरमधले रबरी पडदे आणि पेट्रोलची नळी कडक होतात. शिवाय अशा पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आणि इंजिन जास्त तापतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर उत्तम. नाहीतर लागेल तेवढंच आणा, दोन आठवड्यांत संपवा, आणि चार दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

तुमचं मशीन बंद पडलं की लगेच पेट्रोलचं झाकण सैल करून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर ते सुरू झालं, तर टाकीचा श्वास घ्यायचा छोटा व्हॉल्व्ह तुंबलाय. स्वस्तातलं काम आहे. दुसरं, एअर फिल्टर बघा. माडाचा भुसा तंतूंचा असतो, तो फिल्टरवर नमद्यासारखा बसतो. कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर. तिसरं, सिलिंडरच्या पत्र्यांमधल्या फटी आणि दोरीच्या बाजूच्या झडपा. तेल आणि भुसा मिळून तिथे थर बसतो आणि पंख्याची हवा पोचतच नाही. लाकडी काडीनं साफ करा. चौथं, पेट्रोलच्या टाकीतला फिल्टर. आकड्यानं बाहेर काढा, काळा पडला असेल तर नवा टाका. प्लगची फट ०.५ मिलिमीटर. प्लगचा रंग तांबूस-भुरा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे.

पांढरा प्लग आणि रेस सोडल्यावरही इंजिन किंचाळत राहणं, ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर मशीन वापरणं थांबवा. कुठून तरी हवा आत शिरतेय, सील किंवा इनटेकच्या रबरातून. अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून भागवलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघता येतो. उभे ओरखडे असतील तर मेकॅनिककडे न्यायची वेळ झाली. हा एवढाच भाग मी घरी करायला सांगत नाही.

पडलेल्या झाडाकडे वळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात पोफळी, माड आणि आंबे एकमेकांवर गंजी पडल्यासारखे पडले होते. तेव्हापासून इकडे पेट्रोलची मशिनं घराघरांत दिसायला लागली. उभं झाड तोडण्यापेक्षा वादळात पडलेलं झाड कापणं जास्त धोक्याचं आहे. ते आडवं असलं तरी शांत नसतं. दोन टोकांवर टेकलेल्या ओंडक्याचा वरचा भाग दाबात असतो आणि खालचा ताणात. वरून सरळ कापत गेलात तर काप मिटतो आणि बार चिमटला जातो. एक टोक अधांतरी असेल तर उलट: वर ताण, खाली दाब. नियम असा की दाबाच्या बाजूनं आधी थोडं, जाडीच्या तिसऱ्या भागापर्यंत कापा आणि मग ताणाच्या बाजूनं काप पूर्ण करा. ताणाकडून शेवटचं कापताना ओंडका सुटतो, तो कुठे जाईल हे आधी ठरवा आणि त्या बाजूला उभे राहू नका. उतारावर नेहमी वरच्या अंगाला. धनुष्यासारखी वाकलेली फांदी एका घावात तोडू नका. आतल्या बाजूनं थोडं-थोडं छिलत तिचा ताण काढा.

मुळासकट उपटलेल्या आंब्याचा गड्डा भिंतीसारखा उभा असतो. खोड कापलं की वजन सुटतं आणि तो गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो, कधी उलट खोडाच्या अंगावर येतो. गड्ड्यामागे कोणी, विशेषतः पोरं, उभी नाहीत हे बघा. कापण्याआधी त्याला दोरानं किंवा साखळीनं शेजारच्या भक्कम झाडाला जखडा आणि चार-पाच हात खोड गड्ड्याला ठेवून पुढे कापा. ते नंतर जेसीबीनं काढता येतं.

उभ्या झाडाचं गणित वेगळं. पडण्याच्या बाजूला तोंड पाडायचं, खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकं खोल. मागचा काप तोंडाच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर. मधे व्यासाच्या दहाव्या भागाइतकी पट्टी न कापता ठेवायची. ती बिजागरी आहे, झाड तिच्यावर वळून खाली जातं. ती पूर्ण कापणाऱ्याला झाड विचारत नाही, कुठेही पडतं. निघून जायची वाट आधी साफ करा, मागे तिरकी, दोन्ही बाजूंना. झाडाच्या दुप्पट-अडीचपट उंचीच्या टापूत दुसरं माणूस नको. पुढे फार कललेला आंबा मागून सरळ कापू नका. अर्ध्यातच खोड उभं फाटतं आणि फाटलेला मागचा भाग छातीच्या उंचीवर मागे उसळतो. तिथे बार खोडातून आरपार घालून मधून कापतात आणि मागची पट्टी शेवटी सोडतात. बार आरपार घालायचा म्हणजे टोकाशी खेळ, सुरुवात टोकाच्या खालच्या भागानं करावी लागते. हे काम करणाऱ्या माणसाकडून उभं राहून शिकल्याशिवाय करू नका. तोवर असं झाड जाणकाराला द्या.

शेंडा मेलेला माड फसवा असतो. गेंड्या भुंग्यानं किंवा सोंड्यानं पोखरलेला शेंडा मशीनच्या थरथरीनं तुटून सरळ खाली, म्हणजे तुमच्यावर येतो. वाळकी झावळी, नारळ आधी पाडेल्याकडून उतरवून घ्या, आणि शेंडा इतका कुजका असेल की पाडेली चढायला तयार नाही, तर खाली तुम्हीही उभे राहू नका, दोर टाकून दुरून ओढायची सोय बघा. माडाला बाहेरचा कडा टणक आणि गाभा मऊ असतो. त्यामुळे बिजागरीची ताकद तिच्या दोन टोकांना असते, ती टोकं चुकून कापली जाऊ देऊ नका. पाचर ठोकाल तर कड्यावर बसेल अशी ठोका, गाभ्यात ती नुसती रुतते. पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. लोखंडाची चेनला लागली तर दोन्ही जातात.

बाकी गोष्टी पटापट. मशीन सुरू करण्याआधी वर बघा: आग्यामोहोळ, ओंबीलांची (झाडावरच्या लाल मुंग्यांची) घरटी, अडकून लटकलेली सुकी फांदी. आंब्याचा चीक डोळ्यात आणि कातडीवर भाजतो, बिब्ब्याचा तर फोड आणतो. बिब्बा असेल तर तो मशीननं कापूच नका, तुषार सगळीकडे उडतात. विजेच्या तारेवर झुकलेल्या झाडाला महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून हात लावायचा नाही. आंबा, फणस, साग, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. उभं झाड तोडायला परवानगी लागते, आणि पडलेल्याचा पंचनामा भरपाई हवी असेल तर कापण्याआधी व्हायला हवा.

एकट्यानं काम नको, आणि दोघांनी एकाच ओंडक्यावरही नको. मशीन चालू असताना हाक ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी ठरवा: एक शिट्टी म्हणजे थांब. गडी मागून येऊन खांद्याला हात लावणार नाही, समोरून नजरेत येऊन उभा राहील, हे त्याला पढवा. जाड पट्टीचा बँडेज रोल खिशात हवा, घरातल्या कपाटात नाही. जखम झाली तर दाबून धरायचं, सोडून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन. वाडीत नेटवर्क येत नसेल तर कुठे जाऊन फोन लागतो हे आधी माहीत असू द्या, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा. पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या, विडी विझवा, आणि भरलेल्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन सुरू करा.

रोज संध्याकाळी बाजूचं झाकण उघडून स्प्रॉकेटभोवतीचा माडाचा काथ्या काढा. बारच्या टोकाचं चाक हातानं फिरतंय का बघा. दोन चेन संपल्या की स्प्रॉकेटही बदला, झिजलेला स्प्रॉकेट नव्या चेनचा पिच बिघडवतो. दोन-तीन चेन एकदमच घेऊन आळीपाळीनं वापरल्या तर हे आपोआप साधतं, आणि वाडीत उन्हात बसून धार लावण्याऐवजी ते काम रात्री पडवीत करता येतं.

जूनच्या आधी, चार महिने ठेवायचं असेल तेव्हा: टाकी रिकामी, कार्बोरेटर चालवून कोरडा, प्लग काढून भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक तेल, दोरी दोन-तीनदा हळू ओढायची, प्लग परत. बार-चेन काढून पुसा आणि चेन तेलात बुडवून बंद डब्यात ठेवा, नाहीतर खारी हवा तिला गणपतीपर्यंत तांबडं करते. दसऱ्याला पूजा करायला मशीन बाहेर काढालच. तेव्हा नळी बोटांत वाकवून चिरा पडल्यात का बघा, ताजं मिश्रण भरा आणि लाकडाला लावण्याआधी ब्रेक तपासा.